आधी बैठक मोडा, मग खुर्ची बदला

बसून काम करणाऱ्यांच्या पाठदुखीवर प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात लिहिलं होतं. आलेल्या पत्रांत इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवरच्या कंपन्यांतली माणसं आहेत, भंवरकुव्याला क्लास लावलेली मुलं आहेत, कापड मार्केटच्या गादीवर आयुष्य गेलेले मुनीम आहेत, बँकेतले आहेत. राजेंद्रनगरातल्या माझ्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये येणारे पेशंटही याच कामांतले, त्यामुळे बरीच पत्रं ओळखीची वाटली. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही. सारखे प्रश्न एकत्र करून सहा पत्रं निवडली आहेत. पहिलं उत्तर मुद्दाम लांब लिहिलंय, कारण त्यातलं बरंचसं बाकीच्यांनाही लागू आहे.

प्रश्न : ताई, मी आयटी कंपनीत आहे. तीन दिवस सुपर कॉरिडॉरवर ऑफिस, दोन दिवस घरून काम. घरी लॅपटॉप घेऊन पलंगावर बसते. दुपारी चार वाजले की मान आणि उजवा खांदा इतका भरून येतो की केस विंचरायला हात वर नेतानासुद्धा रग लागते. सासूबाई म्हणतात, ‘सरळ बस, पोक काढू नकोस.’ सरळ बसले की अर्ध्या तासात पाठच दुखायला लागते. ऑफिसातल्या मैत्रिणीने पंचवीस हजारांची खुर्ची घेतली आहे. मीही घेऊ का?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : खुर्ची सध्या घेऊ नका. आधी टेबल नीट लावा, मग दिवस नीट लावा. त्यानंतरही गरज वाटली तर खुर्चीचं बघू.

सासूबाई मायेनं सांगतात, आणि सरळ बसल्यावर तुमची पाठ दुखते हेही खरंच आहे. ताठ बसायचं म्हणजे स्नायू सतत कामाला जुंपायचे. कवटीच्या मागून निघून दोन्ही खांद्यांवर पसरणारा आणि पाठीच्या मध्याच्याही खाली उतरणारा एक मोठा स्नायू आहे, ट्रॅपेझियस. हात पुढे धरून टाइप करताना तो अगदी थोडं काम करत असतो, पण तासन् तास थांबत नाही. भरलेली बादली चार पावलं नेऊन ठेवली की हात मोकळा होतो. इथे बादली हलकी आहे, पण ती दिवसभर कोणी खाली ठेवतच नाही. तुमचा खांदा चार वाजता बोलतो तो त्यामुळे.

बसण्याने कमरेवर उभं राहण्यापेक्षा जास्त दाब येतो, हे आपण नेहमी ऐकतो. त्याचा उगम मुख्यतः स्वीडनचे अस्थिशल्यविशारद आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात केलेल्या मोजमापांत आहे. जिवंत माणसाच्या कमरेच्या मणक्यांमधल्या गादीत सुई घालून त्यांनी दाब मोजला होता. पुढे १९९९ मध्ये जर्मनीतल्या उल्म इथे विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या गादीत दाबमापक बसवून जवळपास पूर्ण दिवसभर नोंदी घेतल्या. खुर्चीत सैल, मागे टेकून बसल्यावर दाब उभं राहण्यापेक्षाही कमी भरला. एकाच माणसावरचा प्रयोग, म्हणून त्यावर फार मोठी इमारत उभी करायची नाही. पण मागे रेलून बसणं हा काही गुन्हा नाही, एवढं त्यातून घ्या. प्रौढ माणसाच्या या गादीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. शेजारच्या मणक्यांतून झिरपेल त्यावर तिचं पोषण चालतं, आणि दाब कमी-जास्त होत राहिला की द्रवाची ये-जा चांगली होते. म्हणजे थोडा वेळ ताठ, थोडा वेळ रेलून, थोडा वेळ उभं, मग चार पावलं चालून, असं शरीर बदलत राहणं तिला मानवतं. एकच ‘योग्य’ बैठक आठ तास धरून ठेवणं मानवत नाही.

आता पलंग. पाय समोर लांब करून बसलं की मांडीमागचे स्नायू ताणले जातात, ते ओटीपोटाचं हाड मागे ओढतात, आणि कंबर आपोआप गोल होते. तिथे सरळ बसायचा कितीही प्रयत्न केला तरी शरीर तुम्हाला बसू देणार नाही. तेव्हा पलंग झोपण्यापुरता. जेवणाच्या टेबलावर या.

लॅपटॉपची मूळ अडचण अशी की त्याचा पडदा आणि कळफलक जोडलेले असतात. पडदा डोळ्यांसमोर आणला तर हात वर उचलावे लागतात, हात आरामात ठेवले तर मान खाली जाते. म्हणून वेगळा कीबोर्ड आणि माउस घ्या. दोन्ही मिळून हजार-दीड हजारांत येतील, आणि पंचवीस हजारांच्या खुर्चीआधी त्यांचाच उपयोग होईल. लॅपटॉपखाली जुन्या दिवाळी अंकांची चळत ठेवा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, आणि पडदा हातभर लांब. प्रोग्रेसिव्ह काचांचा चष्मा असेल तर पडदा आणखी खाली ठेवायचा, नाहीतर काचेच्या खालच्या भागातून बघायला हनुवटी वर जाते आणि मान मागून आखडते.

आपल्याकडची जेवणाची टेबलं साधारण अडीच फूट उंच असतात. पाच फूट उंचीच्या बाईला ती उंच पडतात, खांदे नकळत वर चढतात. खुर्चीवर जाड उशी घ्या, म्हणजे कोपर टेबलाच्या पातळीला येईल. मग पाय लोंबकळतील, त्यांच्याखाली घरातला पाट ठेवा. कमरेच्या खोलगट भागात टॉवेलची गुंडाळी. हाताचा कोपरापुढचा भाग टेबलावर टेकलेला हवा. ही बाब लहान वाटते, पण खांद्याला सगळ्यात जास्त आराम हिच्यातून मिळतो.

उजवाच खांदा का, हे तुम्ही विचारलं नाही, पण मला ते महत्त्वाचं वाटतं. माउस कुठे असतो ते बघा. लांब कीबोर्डच्या उजव्या टोकाला आकड्यांची कळपट्टी असते आणि माउस तिच्याही पलीकडे, म्हणजे हात दिवसभर अंगापासून दूर, अधांतरी. आकड्यांची पट्टी नसलेला आखूड कीबोर्ड घ्या, किंवा माउस डाव्या हाताला शिकवा. सुरुवातीला चिडचिड होते, मग जमतं.

आणि अर्ध्या तासाला बैठक मोडा. मोबाइलवर गजर लावला की दोन दिवस पाळतो आणि तिसऱ्या दिवशी बंद करतो, हे मी पुष्कळांचं पाहते. म्हणून उठणं कामातच गुंफा. लिटरची बाटली टेबलावर ठेवण्याऐवजी लहान पेला ठेवा, तो भरायला उठावंच लागेल. फोन आला की चालत बोला. ज्या मीटिंगमध्ये फक्त ऐकायचं असतं ती उभ्याने ऐका. एक-दोन मिनिटं पुरतात.

आता व्यायाम, कारण नुसतं टेबल लावून हे थांबणार नाही. मान-खांदा वारंवार दुखणाऱ्या १९८ जणांवर डेन्मार्कमध्ये एक चाचणी झाली, २०११ मध्ये ती प्रसिद्ध झाली. काहींनी रबरी पट्ट्याचा व्यायाम रोज दोन मिनिटं केला, काहींनी बारा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, दहा आठवडे. तिसऱ्या गटाला फक्त माहिती दिली होती. व्यायाम करणाऱ्या दोन्ही गटांचं दुखणं माहितीवाल्यांपेक्षा कमी झालं. दोन मिनिटं! पट्ट्याच्या मध्यावर उभं राहायचं, दोन टोकं दोन हातांत धरायची, कोपर किंचित वाकवून दोन्ही हात बाजूंना, जरासे पुढच्या अंगाला, खांद्याच्या उंचीपर्यंत उचलायचे आणि सावकाश खाली आणायचे. स्नायू थकेपर्यंत. खांदे कानांकडे चढू द्यायचे नाहीत. सर्वांत हलक्या पट्ट्याने सुरू करा. टोचल्यासारखी कळ आली तर हात कमी उचला. गोड रग लागली तर ती चालेल.

महिनाभर हे करून बघा. मग खुर्ची घ्यावीशी वाटलीच तर किमतीकडे न बघता तीन गोष्टी पाहा : उंची कमी-जास्त होते का, पाठ मागे रेलते का, हात ठेवायचे दांडे तुमच्या कोपराच्या उंचीला येतात का. आणि दुकानात चांगली पंधरा मिनिटं बसून बघा, दुकानदाराला काय वाटेल याची भीड धरू नका.

प्रश्न : मॅडम, मी बऱ्हाणपूरचा. भंवरकुव्याला खोली घेऊन एमपीपीएससीची, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची, तयारी करतोय. क्लास, मग लायब्ररी, मग खोलीवर प्लास्टिकच्या खुर्चीत, असं दहा-बारा तास बसणं होतं. पाठीत दोन फऱ्यांच्या, म्हणजे खांद्यांच्या पात्यांच्या, मध्ये आग होते. मान खाली घातली की डोक्याचं वजन २७ किलो होतं असा एक व्हिडिओ पाहिला, तेव्हापासून भीती वाटते. कटिंगला जातो तिथे मान कडकड मोडून देतात, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. चालेल का?
– एक विद्यार्थी, इंदूर

उत्तर : शेवटचं आधी सांगते. सलूनमध्ये मान मोडून घेणं आजपासून बंद कर. मानेच्या मणक्यांमधून मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या जातात. एकदम दिलेल्या हिसक्याने त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडू शकते आणि त्यातून पक्षाघात येऊ शकतो. असं क्वचित होतं, पण तरण्या मुलांना झालेलं आहे, आणि दोन मिनिटांच्या आरामासाठी ती जोखीम मी कोणालाही घेऊ देणार नाही. डोक्याची चंपी हवी तर कर, मात्र मानेला झटका नाही.

२७ किलोंची गोष्ट अशी. आपलं डोकं साडेचार-पाच किलोंचं असतं. न्यूयॉर्कचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये संगणकावर गणित मांडलं की मान ६० अंश झुकली तर मानेच्या कण्यावर साधारण २७ किलोंइतका भार येतो. डोक्याचं वजन काही वाढत नाही, आणि हा आकडा कुणाच्या मानेत मोजलेला नाही, हिशेबातून आलेला आहे. मान झुकण्यासाठीच बनली आहे. आपल्याकडे धान्य निवडताना, शिवताना, पोथी वाचताना माणसं मान घालूनच बसत आली. त्रास होतो तो न उठता तासन् तास तसंच राहिल्याने. तेव्हा घाबरून मान ताठ धरू नकोस, त्याने आग वाढेल.

पुस्तक टेबलावर सपाट ठेवून वाचू नकोस. बऱ्हाणपूरच्या घरी आजीची पोथी ठेवायची ठवणी असेल तर घेऊन ये. नसेल तर दोन जाड पुस्तकांवर पाटी तिरकी टेकव आणि तिच्यावर वाचायचं पुस्तक ठेव. नोट्स लिहायलाही असा उतार चांगला. प्लास्टिकच्या खुर्चीची बैठक मागे उतरती असते, तिथे घडी घातलेली चादर घालून ती सपाट कर.

तुझ्या अभ्यासाचेच तीन भाग पाड. नवं वाचायचं ते बसून. पाठ करायचं ते उभ्याने, खोलीत येरझारा घालत, मोठ्याने. चालू घडामोडी ऐकायच्या त्या क्लासला पायी जाता-येता. एक तासही वाया जात नाही आणि बारा तासांची बैठक सात-आठ तासांवर येते. रात्री उशीवर मान उंच करून मोबाइल बघत पडणं मात्र सोड. दिवसभर थकलेले तेच स्नायू तू पुन्हा ताणतोस.

फऱ्यांमधली आग शमवायला एक सोपा व्यायाम. भिंतीला पाठ, डोकं आणि कंबर टेकवून उभा राहा, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे. दोन्ही हात कोपरात वाकवून भिंतीला लाव आणि भिंतीवरून सरकवत वर ने, खाली आण. आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. पहिल्या दिवशी मनगटं भिंतीला लागणारच नाहीत. लागेपर्यंत ओढाताण करू नकोस, हळूहळू जागा होते. शाळेत सूर्यनमस्कार घातले असशील, ते पुन्हा सुरू कर. कण्याला पुढे-मागे दोन्ही बाजूंना वाकवणारा इतका आटोपशीर व्यायाम त्या खोलीत दुसरा नाही.

आणखी एक. तीनशे वर्षांपूर्वी, १७१३ मध्ये, बर्नार्डिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने लेखनिकांच्या दुखण्यांची तीन कारणं लिहून ठेवली : सतत बसणं, हाताची तीच ती हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. तिसरं कारण तुझ्या पत्रात मला ठळक दिसतं. परीक्षेच्या धास्तीत खांदे वर चढलेले राहतात आणि आपल्याला कळतही नाही. झोप कमी असेल तर तेच दुखणं जास्त जाणवतं. रात्रीची सात तास झोप हा तुझ्या उपचाराचाच भाग आहे, तो अभ्यासातून चोरलेला वेळ नाही, असं घरच्यांनाही सांग.

प्रश्न : वय ५७. एम.टी. क्लॉथ मार्केटमध्ये मुनीम आहे. पूर्वी बैठ्या मेजावर वह्या लिहायचो, आता त्याच मेजावर कॉम्प्युटर आला. चार महिन्यांपासून डावा खांदा धरला आहे. सदऱ्यात हात घालता येत नाही, मागच्या खिशातलं पाकीट काढता येत नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. शुगर बारा वर्षांपासून आहे. माझे वडील याच गादीवर आयुष्यभर बसले, त्यांना कधी काही झालं नाही. बसण्याचं एखादं आसन सांगावं.
– एक वाचक, इंदूर

उत्तर : दादा, तुमचं पत्र वाचून मला वाटतं की हे दुखणं बसण्याचं नाही. घरी एक करून बघा. डावं कोपर काटकोनात वाकवून बरगडीला चिकटवून ठेवा आणि पंजा बाहेरच्या बाजूला न्या. नाही गेला, तर घरातल्या कोणाला हलक्या हाताने नेऊन बघायला सांगा. दुसऱ्याच्या हातानेही जर तो अडत असेल आणि उजवा मात्र मोकळा फिरत असेल, तर हा बहुधा ‘फ्रोझन शोल्डर’, म्हणजे सांध्याभोवतीचं आवरण जाड होऊन आवळलं गेलं आहे. चाळिशी ते साठीत हा होतो आणि मधुमेह असलेल्यांना इतरांपेक्षा कितीतरी जास्त होतो. तेव्हा आसन शोधण्याआधी ऑर्थोपेडिक डॉक्टरांना खांदा दाखवा, एक्स-रे काढून घ्या आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची, एचबीएवनसीची, तपासणी करा. दुखणं फार असेल तर डॉक्टर सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवतील. त्याने आराम पडतो, पण काही दिवस साखर चढते, म्हणून तुमच्या शुगरच्या डॉक्टरांना आधी कळवा.

हा खांदा सुटतो, पण वेळ घेतो. कित्येकांना वर्ष-दीड वर्ष लागतं, काहींना त्याहून जास्त. मालिशवाल्याकडून जोर लावून तो उघडून घेऊ नका. गरम पाण्याच्या पिशवीने शेक घ्या, मग उजवा हात टेबलावर टेकून पुढे वाका आणि डावा हात सैल सोडून लहान वर्तुळं फिरवा. पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. मधुमेहामुळे कातडीची जाणीव कमी झालेली असू शकते, म्हणून पिशवीची ऊब आधी दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या.

इथे एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगते. डावा खांदा किंवा हात जिना चढताना दुखत असेल, थांबलं की थांबत असेल, सोबत धाप, घाम, छातीत दडपण असेल, तर ते खांद्याचं समजू नका. मधुमेहात हृदयाच्या दुखण्याची लक्षणं पुसटही असतात. अशा वेळी थेट हॉस्पिटल.

आता गादी. गादीवर बसणं वाईट नाही. तुमचे वडील बसत होते, पण उठतही होते : कपाटातले तागे काढायचे, गिऱ्हाइकापुढे उलगडायचे, घड्या घालायच्या, मालाची उतराई बघायला बाहेर जायचं. कॉम्प्युटरने तुम्हाला त्या मेजाशी बांधून ठेवलं. पडदा लाकडी ठोकळ्यावर चढवा. बुडाखाली घडी केलेली चादर घ्या, म्हणजे कंबर गुडघ्यांपेक्षा उंच राहील आणि पोक आपोआप कमी होईल. तक्क्या कमरेला नीट लागू द्या. मांडीचे पाय आलटून-पालटून घ्या. आणि दर बिलानंतर पोऱ्याला हाक मारण्याऐवजी एखादा तागा स्वतः ठेवून या, सध्या उजव्या हाताने.

प्रश्न : कमरेचा पट्टा रोज लावला तर पाठदुखी होणारच नाही का?
– एक वाचक, देवास

उत्तर : नाही. पाठदुखी टाळण्याच्या उपायांवर झालेल्या चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पट्टा, बुटातले सोल, नुसती माहिती देणं, यांपैकी कशाने दुखणं टळल्याचं दिसलं नाही. व्यायाम आणि सोबत समजावून सांगणं, या जोडीने मात्र धोका ४५ टक्क्यांनी उतरला. पट्टा डॉक्टरांनी एखाद्या कारणासाठी, ठरावीक दिवसांसाठी दिला असेल तर तेवढे दिवस जरूर लावा.

प्रश्न : मी बँकेत, वय ३४. दोन महिन्यांपूर्वी कमरेत उसण भरली. एमआरआयमध्ये ‘एल ४-एल ५ डिस्क बल्ज’, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी फुगलेली, असं आलं. आता दुखणं जवळपास गेलं आहे, पण मणक्यातली गादी सरकली म्हणून घरचे मुलीला उचलू देत नाहीत, वाकू देत नाहीत. हे जन्मभराचं आहे का?
– एक वाचक, टिळकनगर, इंदूर

उत्तर : त्या कागदाने तुमच्या घरात जी भीती बसवली आहे ती काढणं मला उपचाराइतकंच गरजेचं वाटतं. पाठ अजिबात दुखत नाही अशा तीन हजारांहून अधिक लोकांच्या स्कॅनचा आढावा २०१५ मध्ये घेतला गेला. विशीतल्या ३० टक्के लोकांत, तिशीतल्या ४० टक्क्यांत आणि ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्क्यांत गादी फुगलेली दिसली. यांतलं कुणीही दुखण्याची तक्रार करत नव्हतं! पिकलेल्या केसांसारखं हे बहुतेकांच्या कण्यात दिसणारच. ‘बल्ज’ म्हणजे गादी निसटून बाहेर पडली असंही नाही. दुखणं गेलं, पायात कळ नाही, बधिरपणा नाही, ताकद कमी नाही, तर कागद कपाटात ठेवा.

वाकणं बंद केलं तर कंबर कमजोर होते, आणि मग खरोखरच वाकता येईनासं होतं. रोज थोडं थोडं वाढवा. आधी खुर्चीत बसून हात घोट्यांकडे न्या, मग उभ्याने गुडघ्यांपर्यंत, मग रिकामी पिशवी उचला, मग भरलेली. मुलीला अंगाशी धरून, गुडघ्यांत वाकून उचला. काउंटरवर गर्दी असेल तेव्हाही तासातून दोनदा खुर्चीतून उभं राहून नोटा मोजता येतात. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम, हे जागतिक आरोग्य संघटनेनं प्रौढांना सांगितलेलं किमान प्रमाण तुमच्या कमरेलाही पुरेसं आहे. उसण पुन्हा भरली तर अंथरूण धरू नका, घरातल्या घरात फिरत राहा. बहुतेकांची काही आठवड्यांत उतरते.

प्रश्न : आई ६८ वर्षांची. दिवसभर बसून गोधड्या शिवते, पाठ थोडी दुखायचीच. गेल्या आठवड्यात मोरीत घसरून ती बसकण मारल्यासारखी पडली. लागलं फारसं नाही, पण तेव्हापासून पाठीच्या मध्यावर एका जागी सणसणीत दुखतं, कूस बदलताना ओरडते. मी तिला ताणाचे व्यायाम करायला लावतोय. कोणते चालू ठेवू?
– एक वाचक, महू

उत्तर : एकही नाही. हे पत्र मी छापायला देण्याआधीच तुम्हाला कळवलं आहे, पण इतरांसाठी इथे लिहिते. या वयात बाईची हाडं ठिसूळ झालेली असू शकतात, आणि बसकण मारल्याने पाठीचा मणका दबून मोडू शकतो. बाहेरून खरचटलेलंही दिसत नाही. आधी एक्स-रे. तोवर पुढे वाकायला लावू नका, पाठ चोळू नका, मालिश नको. हाडांच्या घनतेची तपासणी आणि त्यावरचे उपचार हे पुढचं काम, ते सोडून देऊ नका. हाड जुळल्यावर आई पुन्हा गोधड्या शिवतील, पाठीला आधार घेऊन आणि अधूनमधून उठून.

पाठदुखीत बहुतेक वेळा घाई नसते, पण काही वेळा असते. पाठदुखीबरोबर ताप असेल, वजन कारण नसताना उतरत असेल, पूर्वी कॅन्सर झालेला असेल, किंवा रात्री पडून राहिल्यावरही दुखणं कमी न होता वाढत असेल, तर चार-आठ दिवसांत डॉक्टरांना दाखवा. हातात किंवा पायात मुंग्या आणि अशक्तपणा वाढत चालला असेल, पाऊल घासत असेल, हातातून वस्तू निसटत असतील, तर त्याहून लवकर. आणि लघवी अडली किंवा कळत नकळत होऊ लागली, शौचाचा ताबा गेला, जांघेत आणि बसण्याच्या जागी बधिर वाटू लागलं, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलच्या आपत्कालीन विभागात जा. ही लक्षणं सांगायला माणसं लाजतात, बायका तर फारच. घरातल्यांनी स्वतःहून विचारायचं.